खालची जमीन काढलीत ना?

विजयाताई,

मी तुमच्याशी एकदाच खोटं बोललो आणि ते एका अक्षराचं होतं. ‘हो.’

तुम्ही ऑफिसच्या दारात चपला घालत होता. राहात्याला तुमच्या वडिलांना दवाखान्यात हलवलं होतं आणि तुम्हाला एसटी गाठायची होती. सोनई रस्त्यावरच्या मंगल कार्यालयाच्या ड्रॉइंगवर तुमची सही राहिली होती, म्हणून एक चप्पल पायात आणि एक हातात अशा तुम्ही परत टेबलापाशी आलात. सही करण्याआधी नेहमीचा प्रश्न विचारलात, “भाऊसाहेब, खालची जमीन काढलीत ना?”

मी स्क्रीनवरून मानही वर केली नाही. “हो ताई, काढली. जावा तुम्ही.”

काढली नव्हती. काढली आहे की नाही, हे मी बघितलंही नव्हतं.

आपल्या धंद्याबाहेरच्या माणसाला हा प्रश्न वेड्यासारखा वाटेल. जमीन कशी काढणार? पण तुमचं माझं सगळं नातंच या प्रश्नाभोवती फिरलं, म्हणून हे वाचणाऱ्यांसाठी सांगून टाकतो. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्या भरवशावर इमारत ठेवता येत नाही. म्हणून तिच्यातून खोलवर काँक्रीटच्या पाईल उतरवायच्या, त्यांच्या डोक्यावर काँक्रीटची जाड टोपी बसवायची, म्हणजे पाईल कॅप, तिच्यावर खांब उभा करायचा, आणि तळाचा स्लॅब या टोप्यांवर असा पेलायचा की जणू त्याच्या खाली काही नाहीच. कॉम्प्युटरवर त्याचं मॉडेल करताना स्लॅबखालच्या जमिनीचा आधार काढून टाकायचा असतो. तो राहिला, तर सॉफ्टवेअर बिचारं आपल्यावर विश्वास ठेवतं. बराचसा भार जमिनीवर सोडून देतं, आणि कॅपभोवती स्लॅबच्या वरच्या अंगाला ज्या सळया लागतात त्या कमी दाखवतं.

मी एका जुन्या कामाची फाईल कॉपी करून हे मॉडेल केलं होतं. ते काम मुरमावरचं होतं. मुरूम बारा महिने जागेवर राहतो, त्यामुळं तिथं जमिनीचा आधार धरलेला बरोबर होता. फाईलबरोबर तो आधारही मंगल कार्यालयाखाली आला आणि तिथंच बसून राहिला.

मला काळी जमीन माहीत नव्हती असंही म्हणायची सोय नाही. मी सोनईचा. मे महिन्यात आमच्या रानाला अशा भेगा पडायच्या की एकदा माझी विटी आत गेली ती गेलीच. मी हात घालायला वाकलो तर आई लांबून ओरडली, “हात नगं घालू, इच्चू असंल!” ज्या जमिनीनं माझी विटी गिळली, तिलाच मी स्लॅबखाली हात देऊन उभं केलं.

ताई, तुमच्याकडं आलो तेव्हा मला सॉफ्टवेअर येत होतं, आणि त्यालाच मी स्ट्रक्चर येणं समजत होतो. पहिल्याच दिवशी मी तुम्हाला ताण कुठं किती ते दाखवणारी रंगीत चित्रं दाखवायला लागलो. दोन खांबांमधल्या गाळ्यात निळं, कडेला हिरवं, कॅपवर लालभडक. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, “रंगपंचमी नंतर खेळू. आधी वाकलेलं दाखवा.”

वाकलेलं म्हणजे भाराखाली स्लॅब कसा वाकतो, त्याचं कितीतरी पट मोठं करून दाखवलेलं चित्र. तुम्ही पोलादी पट्टीनं स्क्रीनवर टकटक करत एकेक गाळा बघायच्या. आकडा एकही नाही. मला वाटायचं, आकडे कळत नसतील म्हणून चित्र बघतात. पुढं कळलं की आकडे तुम्ही माझ्याआधी मनात मांडलेले असायचे. चित्र बघायच्या ते मी काय विसरलो ते शोधायला.

“वाळत घातलेल्या साडीसारखा दिसला पाहिजे,” तुम्ही म्हणायच्या. “दोरी आहे तिथं उंच, मध्ये झोळ. साडी सगळीकडं सपाट दिसली तर समजायचं, खाली कुणीतरी हात लावून उभं आहे. त्याला विचारायचं, बाबा, तू कोण? आणि किती दिवस उभा राहणार?”

इतकं सोपं मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. आज मी जे काही चार लोकांना शिकवतो, ते या साडीपासून सुरू करतो. साडी माझीच आहे असं समजून पोरं हसतात. मी आजवर दुरुस्त केलं नाही. तेही इथं करून टाकतो. साडी विजयाताईंची.

नावावरूनही तुम्ही पहिल्याच आठवड्यात मला गप्प केलं होतं. “नावच भाऊसाहेब, म्हणजे बरं झालं. लोक काय म्हणतील ते लोकांनी आधीच ठरवून टाकलं.” आपल्या गावात एक बाई आणि एक बाप्या एका खोलीत बसून इतकी वर्षं काम करतात, यावर लोकांना काही ना काही म्हणायचं असतंच. तुम्ही ते एका वाक्यात मिटवलंत आणि पेरूची पिशवी माझ्याकडं सरकवलीत. राहात्याचे पेरू, तिखट-मीठ कागदाच्या पुडीत. ड्रॉइंगच्या कोपऱ्याला कितीतरी वेळा त्या तिखटाचे डाग पडले.

आपलं एक भांडण मात्र कधीच संपलं नाही. कॅपच्या कडेला सॉफ्टवेअर जो लाल डोंगर दाखवतं, त्याचं काय करायचं? मी म्हणायचो, एवढं लाल खोटं असतं, गणितात एका टोकावर आकडा चढतो, तो रुंद पट्टीत वाटून टाकू. तुम्ही तावात आलात की राहात्याच्या बोलीवर यायच्या.

“आवं भाऊसाहेब, आकडा खोटा असंल, पर जागा खरी हाय ना? वाटायला ते काय तीर्थ हाय? जिथं दुखतंय तिथंच बांधा.”

“तुम्ही लोखंड जास्त देता, ताई.”

“आन् तुमी भरवसा जास्त देता.”

मग सळया कॅपच्या जवळ दाटीनं घालायच्या, लांब गेल्यावर विरळ करायच्या, आणि अर्ध्यावर तोडण्याआधी मला कारण विचारायचं. अजूनही मला वाटतं की तुम्ही लोखंड जास्त देत होता. हे मी तुम्ही गेल्यावर म्हणतोय म्हणून रागावू नका. तुम्ही असतानाही रोज म्हणत होतोच. फक्त आता समोरून उत्तर येत नाही, आणि मी आपोआप एक सळई वाढवतो.

त्या दिवशी एसटीच्या घाईत तुम्ही साडी बघितली नाहीत. माझ्या ‘हो’वर सही केलीत.

मंगल कार्यालय झकास झालं. पावसाळा गेला, हिवाळा गेला. मग उन्हाळा आला, खालचा भराव बसला, काळी जमीन आकसली आणि जो हात मी स्लॅबखाली धरला होता तो तिनं काढून घेतला. लग्नसराईच्या तोंडावर मालक रावसाहेबांचा फोन आला. तुम्ही तो स्पीकरवर लावला होता.

“ताई, आवं फरशीला कडं पडलंय. खांबाभवती. बाईच्या हातातल्या कड्यासारखं, गोल. पहिल्यांदा एका खांबाला हुतं, आता समद्यांस्नी हाय. झाडणाऱ्या बाईचा खराटा आडकतोय.”

तुम्ही फोन ठेवलात आणि माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिलात. “वाकलेलं दाखवा.”

मी दाखवलं. साडी सपाट होती. कॅपवर जराशी उचललेली, बाकी सगळीकडं कुणीतरी तळहातावर धरल्यासारखी. आपण दोघांनी एकदमच बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही. पट्टीसुद्धा टेकवली नाही. म्हणालात, “चहा सांगा. आणि गाडी काढा.”

कार्यालयात रावसाहेब खुर्च्या टाकून बसले होते. भोवती त्यांची माणसं. फरशी खांबांच्या कडेनं उचकटलेली, सांध्यातला रंग फाटलेला. रावसाहेब वाईट माणूस नव्हे. स्वतःच्या पुतणीचं लग्न त्याच हॉलमध्ये धरलेलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्यांनी सरळ विचारलं, “ही चूक कुनाची हाय?”

“माझी,” तुम्ही म्हणालात. “सही माझी आहे.”

मी तुमच्या शेजारीच उभा होतो, ताई. माझ्या हातात टेप होता. मी खाली बसलो आणि भेगा मोजायला लागलो.

“म्हंजी बाईमानसाला काम दिलं ही माझी बी चूक हाय म्हना की,” रावसाहेब म्हणाले आणि खुर्च्या हसल्या.

“ते तुमचं तुम्ही ठरवा,” तुम्ही म्हणालात. “मला आधी फरशी उचलू द्या.”

त्या दिवसाचं मला सगळ्यात जास्त काय आठवतं सांगू? परत येताना गाडीत तुम्ही मला एक शब्दही लावून बोलला नाहीत. ऑफिसात आल्यावर म्हणालात, “दुरुस्तीचं मॉडेल तुम्हीच करा.” दुसऱ्या कुणी माझ्या हातून काम काढून घेतलं असतं. मी स्लॅबखालचे आधार एकेक करून काढले आणि साडी लोंबायला लागली, खोल, खरीखुरी. कॅपवर लाल डोंगर उभा राहिला. या वेळी मी त्याला खोटं म्हणालो नाही. जुन्या स्लॅबचा वरचा पृष्ठभाग खरवडून, त्यात खुंट्या रोवून, वरून काँक्रीटचा नवा थर द्यायचा आणि त्या थरात कॅपभोवती दाट जाळी टाकायची, असं आपण ठरवलं. जाळी बांधताना तुम्ही साडीचा पदर खोचून रोज तिथं उभ्या. रावसाहेबांच्या पुतणीचं लग्न त्याच हॉलमध्ये लागलं. आपल्याला बोलावणं नव्हतं. आज तिथं पंगती उठतात, कडं पुन्हा पडलेलं नाही.

हॉल बरा झाला. तुमचं नाव झालं नाही. रावसाहेब चार लोकांत ऊठबस असलेला माणूस. ‘बाईच्या हातचं डिझाईन नगं’ हे वाक्य त्यांच्या तोंडून सोनईत निघालं आणि तालुके ओलांडून तुमच्याच राहात्यात पोचलं. तिथल्या एका मोठ्या कामाचा फोन आला, तेव्हा पलीकडचा माणूस तुम्हालाच म्हणाला, “मॅडम, तुमच्याकडं जेन्ट्स इंजिनिअर आहेत ना, त्यांना पाठवा.” तुम्ही फोनवर हात ठेवून मला म्हणालात, “जा. काम चांगलं आहे.” मी गेलो. तुमच्या गावात, माझ्या चुकीमुळं तुमच्याकडून गेलेलं काम माझ्या नावावर घेऊन आलो, आणि तुम्ही ते मॉडेल तपासलंत. त्या मॉडेलमध्ये एक जिना मी उलटा टाकला होता. तुम्हीच पकडला.

चहाच्या टपरीवर रावसाहेबांचं ते वाक्य मी स्वतः ऐकलंय. एकदा नाही. प्रत्येक वेळी माझा चहा गरम असायचा आणि गप्प बसायला तोंड भाजल्याचं कारण मला मिळायचं.

एकदा मी प्रयत्न केला होता, आठवतं? राहात्याहून येताना, कोल्हारच्या पुलाच्या अलीकडं. मी म्हणालो, “ताई, त्या हॉलचं...” तुम्ही पिशवीतून पेरू काढलात. “आधी हा खा. तोंडात पेरू असला की माणूस कमी बोलतो.” मी खाल्ला. मग तुम्ही बाहेर बघत म्हणालात, “मी त्या दिवशी वाकलेलं बघितलं नाही. ती माझी चूक. तुमची तुमच्याकडं ठेवा. मला देऊ नका, माझ्याकडं माझी आहे.”

बरेच दिवस मला वाटत होतं की तुम्ही मला माफ केलं. आता वाटतं, तुम्ही मला मोठं माणूस समजून वागवलं. माफी ही त्यापुढं सोपी गोष्ट असते.

त्यानंतरही प्रत्येक कामाला तुम्ही तोच प्रश्न विचारायच्या. “खालची जमीन काढलीत ना?” त्याच आवाजात. टोमणा नाही, आठवण नाही. मी मात्र पुन्हा तोंडानं ‘हो’ म्हणालो नाही. स्क्रीन तुमच्याकडं वळवायचो. फक्त एकदा तुम्ही थट्टा केली होती. मी परत जुनी फाईल कॉपी करताना दिसलो, तेव्हा म्हणालात, “शिंगणापूरला घरांना दारं नाहीत ते शनीच्या भरवशावर. तुमच्या फाईलला दार नाही ते कुणाच्या भरवशावर?” तेव्हापासून मी प्रत्येक काम कोऱ्या फाईलवर सुरू करतो. वेळ जातो. जाऊ दे.

शेवटच्या वेळी घरी आलो, तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसला होता. आवाज बारीक झाला होता, पण पहिलं वाक्य हेच, “लॅपटॉप आणलात ना?” ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या पत्त्यात नगरचं अहिल्यानगर केल्यापासून अक्षरं चौकटीबाहेर जात होती, ती आधी तुम्ही नीट करायला लावली. मग स्लॅब. तुमची पट्टी उशाशी नव्हती, तुम्ही नखानं टकटक केलीत. “बरी लोंबलीय साडी.” मग प्रश्न. मी स्क्रीन आणखी जवळ सरकवला. तुम्ही हसलात. तुमचे यजमान, श्रीकांतराव, चहा घेऊन आले, आणि बोलायची ती वेळही चहाच्या कपाबरोबर निघून गेली.

तुमचा दहावा पुणतांब्याला नदीवर झाला. माणसं पुष्कळ होती. ज्यांनी तुम्हाला कामं दिली ती होती, ज्यांनी नंतर दिली नाहीत तीही होती. विधी आटोपल्यावर शेडखाली सगळे उभे होते. रावसाहेब श्रीकांतरावांचा हात हातात घेऊन म्हणाले, “बाई लई चांगल्या. आमच्या हालची चूक झाली त्यांच्याकडनं, पर मानूस सोन्यासारखं. म्या मनात ठिवलं न्हाई कधी.”

ते चांगल्या मनानं बोलले, ताई. श्रीकांतराव मान हलवत होते. मला तिथंच कळलं की आता ही चूक तुमच्या कौतुकातसुद्धा राहणार. शिव्या थांबतात, पण अशी कौतुकं पिढ्यान् पिढ्या चालतात. तुमच्या हातात आता उत्तर द्यायला पेरूही नव्हता.

मी म्हणालो, “रावसाहेब, चूक माझी होती.”

त्यांना वाटलं मी रिवाजाचं काही बोलतोय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “असू द्या भाऊसाहेब, समद्यांकडनंच व्हतंय.”

“तसं नाही. मॉडेल मी केलं होतं. स्लॅबखाली जमीन ठेवली ती मी. ताईंनी मला विचारलं होतं आणि मी न बघताच खोटं सांगितलं. तुम्ही हॉलमध्ये विचारलंत तेव्हा मी टेप घेऊन खाली बसलो होतो.”

रावसाहेबांनी खांद्यावरचा हात काढला.

“आन् ही आज सांगता?” ते म्हणाले. “आरं, म्या आख्ख्या जिल्ह्याला सांगत फिरलो! बाईकडं जाऊ नका म्हनून! माज्या तोंडानं!” त्यांचा आवाज चढला आणि मध्येच बसला. “तुमी तिथं हुता. माज्यासमूर हुता.”

“हो,” मी म्हणालो. हे ‘हो’ खरं होतं.

“मंग माज्याकडं काय बघता? म्या काय भोगलं? एक फरशी.” त्यांनी श्रीकांतरावांकडं बघितलं, मग खाली. “ज्यांनी भोगलं त्यांस्नी सांगा.”

श्रीकांतरावांनी मला एवढंच विचारलं, “तिला माहीत होतं?” मी म्हणालो, “भेगांचा फोन आला त्याच दिवशी कळलं होतं त्यांना.” त्यांनी चष्मा पुसला. “मग बरोबर. मला कधीच म्हणाली नाही.” आणि ते माझ्याजवळच उभे राहिले, लांब गेले नाहीत. याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तसं बघितलं तर मला जे काही उभं राहता येतं, ते तुमच्या घरानंच दिलं.

ताई, रावसाहेबांनी ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांपर्यंत मी पोचू शकत नाही, म्हणून हे छापायला देतोय. पण त्याआधी, माणसं पांगल्यावर, मी नदीकडं तोंड करून तुम्हाला मोठ्यानं उत्तर दिलं. ऐकायला श्रीकांतराव होते आणि अजून न गेलेले रावसाहेब. तुम्ही एक चप्पल हातात धरून विचारलं होतंत, खालची जमीन काढलीत ना?

नाही, ताई. काढली नव्हती. मी बघितलंच नव्हतं. मला माफ करा.